रेघ नसलेलं चित्र

मगदूम वकिलांनी माइक माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "परीट बाई, पाचच मिनिटं. चहा निवतोय."

मला पाच मिनिटं पुष्कळ होती. नऊ वर्षं मी या पाच मिनिटांची वाट बघत होते.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, सांगलीची. कृष्णाकाठ कलामंडळानं आपल्या छोट्या सभागृहात अष्टेकर सरांच्या साठीचा सत्कार ठेवला होता. भिंतीवर चारी बाजूंनी सरांची जलरंगातली चित्रं टांगलेली. नुकतंच त्यांनी प्रात्यक्षिकही करून दाखवलं होतं, त्यामुळे व्यासपीठावर पाण्याची बादली, स्पंज, ओल्या चिंध्या, सगळा पसारा तसाच पडला होता. सर खुर्चीत शाल पांघरून बसले होते आणि मांडीवरचा नारळ कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या मागे, झेंडूची माळ घातलेल्या स्टँडवर, त्यांचं सुवर्णपदक मिळवलेलं चित्र होतं, 'घाटावरलं धुणं'.

तेव्हा मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला मला बोलावलं होतं. शेवटच्या रांगेत आई बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. लेक माइकवर बोलणार म्हणून तिनं त्या दिवशी घाटावरचं काम लवकर आटोपलं होतं.

"सरांनी मला काय शिकवलं ते सांगते," मी म्हटलं. "कागद कसा ताणायचा ते शिकवलं. ब्रश कसा धुवायचा ते शिकवलं. आणि दुसऱ्याच्या चित्रावर आपली सही कशी करायची तेही शिकवलं. मागं ठेवलंय ते चित्र माझं आहे."

पहिल्या रांगेतल्या एकदोघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग त्यांचे हात थांबले.

हे मी का बोलले, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही परीट. आमचं घर घाटापासून हाकेच्या अंतरावर. मी चालायला शिकले तीच ओल्या दगडावर. रंग मला फार उशिरा भेटला, पाणी मात्र जन्मापासून ओळखीचं. इस्त्रीला कापड कधी घ्यायचं हे आई तळहाताच्या मागच्या बाजूनं बघायची. पार वाळलं तर चुणी जात नाही, जास्त ओलं असेल तर इस्त्री चिकटते. आंबटओलं पाहिजे. पुढे मी जलरंगात काम करू लागले तेव्हा कागदाला तसाच उलटा हात लावून बघायची. कागद आंबटओला असताना रंग सोडला की तो आपल्या पायांनी चालतो, हवा तिथे थांबतो. त्याला हाकावं लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या घरात ते रोज चाललेलं असायचं. पांढऱ्याचंही तेच. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. आमच्याकडे पांढऱ्या कापडाला सगळ्यात जास्त जपायचे, मला ते समजावून सांगायची कुणाला गरजच पडली नाही.

अष्टेकर सरांच्या कलावर्गात मी अठराव्या वर्षी गेले. माणूस मोठा होता, हे मी आजही नाकारत नाही. पण त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापुढे देवाचंही चालायचं नाही. आधी रेघ, मग रंग. चित्र पेन्सिलनं पुरं काढायचं, दगडनदगड, फांदीनफांदी. सर येऊन कोपऱ्यात बरोबरची खूण करणार, मगच ब्रशाला हात. "रेघेशिवाय रंग म्हणजे हाडं नसलेला माणूस," असं ते म्हणायचे. ती पेन्सिल मला गळ्यात दगड बांधल्यासारखी वाटायची. वर्गात मी मुकाट्यानं रेघा काढायची. आणि पहाटे घाटावर बसून, कुणाला न सांगता, एकही रेघ न काढता रंगवायची.

तसंच बारा दिवसांत एक चित्र झालं. रोज फटफटल्यावर तासभर, ऊन पायऱ्यांवर उतरेपर्यंत. काळ्या ओल्या पायऱ्या, वर लिंबाची सावली, दोरीवर हेलकावणाऱ्या पांढऱ्या चादरी आणि पाण्यात वाकलेली एक बाई. झालं त्या दिवशी मलाच खरं वाटेना. घरी कुणाला न दाखवता मी ते थेट सरांकडे नेलं.

सरांनी ते हातात घेतलं. कागद खिडकीपाशी नेला, तिरका धरला, डोळ्यांजवळ घेतला.

"पेन्सिल कुठं आहे?"

"काढली नाही सर."

"थेट रंग लावलास?"

"व्हय सर."

"ठेवून जा," ते म्हणाले. "मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवतो. फ्रेमचं मी बघतो."

मी घरी उडत गेले. दोन महिन्यांनी सरांनी सांगितलं की पार्सल रेल्वेत भिजलं, चित्र गेलं. मी त्यांच्यासमोर रडले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी पेपरात फोटो आला. माझ्या चादरी, माझ्या पायऱ्या आणि खाली 'सुवर्णपदक विजेते चित्रकार रा. म. अष्टेकर'.

पेपर घेऊन मी गेले. सरांनी दार लोटून घेतलं.

"मालन, तुझ्या नावानं गेलं असतं तर कुणी वळून बघितलं नसतं. माझ्या नावानं गेलं म्हणून ते भिंतीवर लागलं तरी."

"पण सर, चित्र माझं हाय."

"कोण मानेल? परटाच्या पोरीनं घाट काढला तर लोक म्हणतील, कपड्यांची यादी केलीय." आणि ते हसले. खरंच हसले. "जा, वर्ग चुकवू नकोस."

मी वर्ग सोडला. पण अष्टेकरांचं घर सुटलं नाही, कारण त्यांच्या घरचे कपडे आमच्याकडेच यायचे. नऊ वर्षं त्या माणसाच्या सदऱ्यांना खळ मी केली, त्यांच्या कॉलरी मी ताठ केल्या. कितीदा वाटलं, इस्त्री ठेवावी पाठीवर आणि विसरून जावं. एकदा ठेवलीही होती. आईनं झडप घालून उचलली.

"कापडानं काय केलंय तुझं?" ती म्हणाली.

"चित्र न्हेलं माझं."

"त्यानं न्हेलं. सदऱ्यानं न्हाई."

आईला राग येत नव्हता असं नाही, पण तिचा राग धुण्याच्या दगडावर निघून जायचा. माझा जात नव्हता. मी नोकरी धरली, मुलांना शिकवलं, स्वतःची चित्रं काढली, ती थोडीफार नावाजलीही गेली. पण झोपताना आणि उठताना माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असायची, ती म्हणजे त्या माणसाचा पडलेला चेहरा. चित्र परत मिळावं असं नाही, तो चेहरा बघायला मिळावा. सत्काराचं बोलावणं आलं तेव्हा मी हो म्हणायला क्षणाचाही वेळ लावला नाही. सत्काराला सरांनी घातलेला झब्बादेखील मीच आदल्या दिवशी कडक इस्त्री करून पाठवला होता. म्हटलं, पडायचं तर चांगल्या कपड्यात पडा.

तर सभागृहात आता सगळे माझ्याकडे बघत होते. मगदूम वकील मंडळाचे अध्यक्ष. ते माइककडे हात करत म्हणाले, "बाई, हे ठिकाण नव्हे."

"असू द्या, वकीलसाहेब," सर शांतपणे म्हणाले. आवाजात जराही कंप नाही. "माझीच विद्यार्थिनी आहे. हुशार होती. हुशार मुलांचं कधीकधी असं होतं. मोठं चित्र बघून बघून ते आपलंच वाटायला लागतं."

लोक हसले. बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. मला त्याचाच राग अधिक आला.

"आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यावा लागतो," मगदूम म्हणाले. कोर्टातली सवय.

"देते. आधी एक विचारते." मी लोकांकडे वळले. निम्मं सभागृह सरांच्या हाताखालून गेलेलं होतं. "सरांचा नियम काय?"

"आधी रेघ, मग रंग!" शाळेत म्हणतात तसं सगळे एका सुरात म्हणाले.

"सर, तुम्ही कधी पेन्सिलीशिवाय चित्र काढलंत?"

सरांची मान ताठ झाली. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि मला तो ठाऊक होता. "आयुष्यात नाही," ते म्हणाले. "एकही नाही."

"या चित्राला रेघ नाही."

सरांच्या लक्षात आलं. नारळ मांडीवरून घरंगळला, तो त्यांनी सावरला. पण माणूस कच्चा नव्हता.

"उजेडातल्या रेघा मी शेवटी रबरानं पुसतो," ते म्हणाले. "बाकीच्या रंगाखाली आहेत. गडद रंगाखालची रेघ दिसायची कशी?"

"बरोबर आहे," मगदूम म्हणाले. "मग ठरवायचं कसं?"

"रंग धुऊन," मी म्हटलं. "पेन्सिल रंगाखाली पक्की बसते. रंग निघाला तरी ती निघत नाही. इथं बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. रेघ निघाली तर मी सरांचे पाय धरीन आणि नोकरी सोडून गावातून जाईन."

एकच गलका झाला. सुवर्णपदकाचं चित्र धुणार? डोकं फिरलंय का? कुणी म्हणालं बाहेर काढा, कुणी म्हणालं होऊन जाऊ दे. सर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. ते माझ्याजवळ आले. फक्त मलाच ऐकू जाईल असं बोलले असते तर गोष्ट वेगळी झाली असती, पण माइक माझ्या हातात होता, त्यांचा शब्दनशब्द सगळ्यांना ऐकू गेला.

"धू," ते म्हणाले. "माझी परवानगी आहे. पण तुला सांगतो मालन, चित्र खरंच तुझं असेल तर तुझा हात उठणार नाही. आपलं पोर कुणी आपल्या हातानं बुडवत नाही. आणि हात उठला तर सगळ्यांना कळेल की ते तुझं नव्हतं."

डाव चांगला होता. लोकांनी माना डोलावल्या. आता ही बाई रडेल, माफी मागेल आणि चहा होईल, असं सगळ्यांनी धरून चाललं. सरांनीही. ते परत खुर्चीकडे निघालेसुद्धा.

मी फ्रेम स्टँडवरून उतरवली. टेबलावरचा कागद कापायचा चाकू घेऊन मागचे खिळे काढले. काच बाजूला केली. नऊ वर्षांनी ते चित्र माझ्यासमोर उघडं पडलं होतं. पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? हे इतकं चांगलं होतं? पायऱ्यांवरची ओल अजून ओली दिसत होती. एकोणिसाव्या वर्षी मला जे येत होतं ते अठ्ठाविसाव्या वर्षी येत नव्हतं. त्या माणसानं चित्रच नव्हे, ते काढणारी पोरही नेली होती.

मी स्पंज बादलीत बुडवला, पिळला आणि खालच्या काळ्या पायऱ्यांवर ठेवला.

जुना रंग एकदम सुटत नाही. आधी नुसता गडद होतो, मग मऊ पडतो, मग पाण्याबरोबर वर येतो. मी टिपत गेले. स्पंज काळा झाला, बादलीत पिळला, पुन्हा लावला. एक पायरी गेली, दुसरी गेली. खाली कागद निघाला. फिकट डाग होते, पण रेघ नव्हती.

मगदूम चष्मा लावून वाकले. बोटभर अंतरावरून त्यांनी बघितलं. मग आणखी दोघांनी बघितलं, सरांचेच जुने विद्यार्थी. त्यांतला एक हळूच म्हणाला, "रेघ नाही."

"रेघ नाही," मगदूम मोठ्यानं म्हणाले. "अष्टेकर सर, रेघ नाही."

झालं होतं. हातभर कागदावरच्या चार पायऱ्या फक्त गेल्या होत्या, त्या मी पुन्हा रंगवू शकले असते. सगळं सभागृह माझ्या बाजूनं होतं. आणि मला तो चेहरा मिळाला, ज्याच्यासाठी मी नऊ वर्षं जगले होते. पडलेला, पिवळा, ओठ नुसते हलताहेत. मी तो डोळे भरून बघितला. आणि मला तो पुरेना.

मी स्पंज पुन्हा बुडवला आणि लिंबाच्या सावलीवर ठेवला.

"अगं!" मगदूम म्हणाले. "बाई, झालं की सिद्ध! पुरे!"

"मालन, थांब." सर जवळजवळ धावत आले. शाल खाली पडली. "थांब! तुझं आहे. ऐकलंत सगळ्यांनी? तिचंच आहे. मी चोरलं. आता तरी थांब!"

मी ऐकत होते आणि हात चालत होता. सावली गेली. मागची नदी गेली. चादरींना मला हात लावावा लागला नाही, तिथे रंग नव्हताच. भोवतीचा घाट गेला तशा त्या आपोआप नाहीशा झाल्या. शेवटी पाण्यात वाकलेली बाई राहिली. तिच्यावर स्पंज ठेवताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. पण सर टेबलाला धरून उभे होते आणि म्हणत होते, "तेवढी तरी राहू दे, तेवढी तरी." त्यांना ती हवी होती, म्हणून मी ती काढली.

कागदावर थोडी निळसर छटा उरली. आणि उजव्या कोपऱ्यात सही. रंग विरघळणारे होते, पण सही त्यांनी पक्क्या काळ्या शाईनं केली होती. पाण्यानं तिचं काही वाकडं झालं नाही. अगदी ठसठशीत, 'रा. म. अष्टेकर'.

तो कागद मी त्यांच्या हातात दिला. "घ्या, सर. तुमचं होतं तेवढं राहिलंय."

सर खाली बसले. खुर्चीत नाही, व्यासपीठाच्या पायरीवर. कडक इस्त्रीच्या झब्ब्यावर काळं पाणी टपकत होतं.

"रोज सकाळी बघायचो गं," ते म्हणाले. "उठलो की आधी ते. माझ्या हातून तसं एकही झालं नाही."

"तुम्ही नऊ वर्षं बघितलंत," मी म्हटलं. "मी बारा दिवस."

मी तोंड फिरवून निघाले. लोकांनी वाट दिली. चहा कुणी प्यायलं नाही. बाहेर येताना अंगात असं काही भरून आलं होतं की पायऱ्या दोन-दोन उतरावंसं वाटत होतं. गावात दुसऱ्या दिवशी काय बोलतील, पेपरात काय येईल, सगळं मला आधीच दिसत होतं, आणि ते सगळं पुढे तसंच झालं. सरांनी मुंबईचं ते पदक मंडळाच्या हवाली केलं, मंडळानं ते माझ्या घरी पाठवलं. कलावर्ग वर्षाच्या आत बंद पडला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आई मागून आली. आम्ही दोघी घाटाच्या रस्त्यानं चालत होतो. ऊन अजून होतं. ती खाली बघत चालली होती. मला वाटलं, शाबासकी कशी द्यावी हे तिला कळत नसेल.

"त्यो थांब म्हणला तवा थांबायचं हुतंस," ती म्हणाली.

"का म्हणून? त्याची दया आली तुला?"

"न्हाई गं. त्याला काय व्हायचं ते हू दे." तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मी बगितलंच न्हवतं ते. तू काडलंस तवा माझी पाठ तुझ्याकडं. मग तू थेट त्याच्याकडं घिऊन गेलीस. पेपरातलं बगितलं, पर त्यात काय दिसतंय, नुसतं काळं. आज म्हणलं, गर्दी पांगली की जवळ जाऊन बगीन."

माझे पाय थांबले. तीही थांबली.

"शेवटच्या रांगंतनं काय दिसंना," ती म्हणाली. "शेजारची बाई म्हणत हुती, पाण्यात एक बाई हाय त्यात. व्हय गं मालू, मी हुते का?"

ती होती. पदर कमरेला खोचून, गुडघाभर पाण्यात, चादर दगडावर आपटायला दोन्ही हात उचललेली. त्या बारा दिवसांतले चार दिवस फक्त तिच्या पाठीला लागले होते. सरांना शेवटपर्यंत वाचवायची होती ती तीच. आईचा दुसरा एकही फोटो, एकही चित्र आमच्या घरात नव्हतं.

"नव्हतीस," मी म्हटलं.

"मग जाऊ दे," आई म्हणाली आणि चालायला लागली.